दुसऱ्यांचे संशोधन वाचणारे संशोधक

काही वर्षांपूर्वी विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात व्याख्यान संपल्यावर एक बाई आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, “सर, माझ्या बारावीच्या वर्गात एक मुलगी आहे. प्रयोगशाळेत तिचे मन रमत नाही, ब्युरेट धरली की हात कापतो. पण वाचन दांडगे. दोन पुस्तकांत एकाच गोष्टीचे दोन वेगळे आकडे दिसले की ती मला गाठते आणि यातला खरा कोणता म्हणून विचारते. तिला विज्ञानातच राहायचे आहे. तिने काय करावे?” आम्ही परतीच्या गाडीच्या घाईत होतो. “शिक्षिका व्हायला सांगा,” असे म्हणून मोकळे झालो.

उत्तर चुकीचे नव्हते, पण आळशी होते. दुसऱ्यांनी केलेले संशोधन शोधणे, पारखणे, एकत्र मांडणे आणि त्यातून निष्कर्ष काढणे, हे आज हजारो माणसांचे पूर्ण वेळेचे काम आहे. आम्हाला ते ठाऊक असूनही त्या वेळी सुचले नाही. प्रयोग करतो तो शास्त्रज्ञ आणि वाचतो तो त्याचा मदतनीस, ही उतरंड आमच्याही डोक्यात पक्की बसलेली होती.

तसे पाहिले तर आम्हाला हे आधीच कळायला हवे होते. पीएच.डी.ला नाव नोंदवल्यावर मार्गदर्शकांनी पहिले तीन महिने ग्रंथालयात बसायला सांगितले. आम्ही ती शिक्षा समजलो, दोन आठवड्यांत उरकली आणि प्रयोगाला लागलो. सात महिने एक अभिक्रिया जमेना. शेवटी ग्रंथालयाच्या तळघरातील एका जुन्या खंडात शोधनिबंध सापडला. वीस वर्षांपूर्वी कोणीतरी तोच प्रयोग केला होता, तो का फसतो हेही नीट लिहून ठेवले होते. आमचे सात महिने आणि थोडी रसायने, एवढ्यावर ते निभावले. पण न वाचण्याची किंमत नेहमी एवढी स्वस्त नसते. ती किती असू शकते हे सांगणाऱ्या एका पुस्तकाच्या निमित्ताने आज या कामाविषयी लिहीत आहोत.

पुस्तक आणि त्याचे लेखक

पुस्तकाचे नाव ‘टेस्टिंग ट्रीटमेंट्स’, म्हणजे ‘उपचारांची पारख’. पहिली आवृत्ती २००६ साली निघाली आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती २०११ साली. दुसरीचे लेखक चार. इमोजन इव्हान्स या डॉक्टरकी सोडून वैद्यकीय पत्रकारितेत आलेल्या. इयन चामर्स आणि पॉल ग्लॅझिऊ हे दोघे डॉक्टर-संशोधक. चौथ्या हेझल थॉर्नटन डॉक्टर नव्हेत. रुग्ण म्हणून त्यांना एका चाचणीत भाग घेण्याविषयी विचारण्यात आले तेव्हा त्यांनी उलट प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि पुढे रुग्णांच्या बाजूने संशोधनाची चिकित्सा करणे हेच त्यांचे काम झाले. पुस्तक सामान्य वाचकांसाठी आहे. इंग्रजी सोपे आहे आणि बारावीच्या विद्यार्थ्याला शब्दकोशाच्या मदतीने सहज वाचता येईल.

पुस्तकाचा मुख्य मुद्दा असा की कोणताही उपचार, मग तो नवा असो वा परंपरागत, निष्पक्ष चाचणीवर घासून पाहावा. आणि एका चाचणीवर कधी विसंबू नये, त्या प्रश्नावरच्या सर्व चाचण्या एकत्र पाहाव्यात. या दुसऱ्या भागाला संशोधन-साहित्याचा पद्धतशीर आढावा म्हणतात. इथे साहित्य म्हणजे कथा-कविता नव्हे, प्रसिद्ध झालेले (आणि न झालेलेही) शोधनिबंध. आम्हाला पुस्तकाचा हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, आणि आमची तक्रारही त्याच भागाबद्दल आहे.

पालथी झोपणारी बाळे

पुस्तकातील एक उदाहरण वाचताना अंगावर काटा येतो. अमेरिकेतील डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनावरील पुस्तक विसाव्या शतकात घराघरांत पोहोचले होते. त्याच्या १९५०च्या दशकातील आवृत्तीपासून एक सल्ला दिलेला होता: बाळाला पालथे झोपवा. कारणही पटण्यासारखे होते. उताणे झोपलेल्या बाळाला ओकारी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊन ते गुदमरेल. इतरही अनेक पुस्तकांनी असाच सल्ला दिला आणि लाखो आईबापांनी तो विश्वासाने पाळला.

पण पालथ्या झोपणाऱ्या बाळांत झोपेतच अचानक मृत्यू येण्याचे प्रमाण जास्त आढळत होते. २००५ साली ब्रिटनमधील संशोधकांनी या विषयावरचे सगळे जुने अभ्यास गोळा करून वर्षांच्या क्रमाने मांडले. तेव्हा दिसून आले की १९७० सालापर्यंत झालेले अभ्यास जरी कोणी एकत्र पाहिले असते, तरी पालथे झोपवण्यात धोका सुमारे तिप्पट असल्याचे कळले असते. प्रत्यक्षात पालथे झोपवण्याचा सल्ला १९८०च्या दशकाच्या अखेरपर्यंत पुस्तकांत छापला जात होता. बाळाला उताणे झोपवा असे सांगणारी मोहीम ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली सुरू झाली, आणि असे मृत्यू झपाट्याने घटले. संशोधकांचा अंदाज असा, की १९७० साली आढावा झाला असता तर ब्रिटनमधील १०,०००हून अधिक आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान ५०,००० बाळांचे मृत्यू टळू शकले असते.

यात नवे औषध शोधायचे नव्हते, नवे उपकरणही लागणार नव्हते. माहिती ग्रंथालयात पडून होती. ती एका ठिकाणी आणून बेरीज करणारे कोणी नव्हते.

दुसरे उदाहरण अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे. १९७२ साली न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाऊवी यांनी दाखवले, की वेळेआधी प्रसूती होणार असे दिसताच आईला स्टेरॉइडची दोन-चार इंजेक्शने दिली तर बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात आणि मृत्यू घटतात. पुढे इतर ठिकाणीही चाचण्या झाल्या. बहुतेक लहान होत्या आणि एकेकटी पाहिली तर ठाम काही सांगत नव्हती. त्यांचा पद्धतशीर आढावा १९८९ साली प्रसिद्ध झाला. तोपर्यंत हा स्वस्त उपचार बहुतेक प्रसूतितज्ज्ञांनी मनावर घेतलाच नव्हता. १९७९ साली आर्ची कॉक्रेन या ब्रिटिश डॉक्टरांनी आपल्या व्यवसायावर ठपका ठेवला होता, की प्रत्येक शाखेतील चाचण्यांचा चिकित्सक सारांश काढून तो वेळोवेळी अद्ययावत ठेवण्याची व्यवस्थाच आपण उभी केलेली नाही. त्यांच्या नावाने १९९३ साली आंतरराष्ट्रीय संघटना निघाली आणि तिच्या बोधचिन्हात स्टेरॉइडच्या सात चाचण्यांचाच आलेख घेतला गेला. आडव्या रेषा म्हणजे एकेक चाचणी. बहुतेक रेषा मधल्या उभ्या रेषेला छेदतात, म्हणजे ‘सांगता येत नाही’. खालचा छोटा चौकट मात्र उभ्या रेषेपासून स्पष्ट बाजूला आहे. तो सर्व चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष.

पाच वर्गांतील बिया

एकेकटी चाचणी काही सांगत नाही आणि सगळ्या मिळून सांगतात, हे कसे? वर्गात सांगण्यासाठी एक कल्पित उदाहरण देतो. बाभळीच्या बिया पेरण्यापूर्वी गरम पाण्यात भिजवल्या तर उगवण वाढते का, असा प्रश्न चार शाळांनी घेतला. प्रत्येक वर्गाने २० बिया भिजवून आणि २० तशाच पेरल्या. उगवलेल्या बिया अशा: पहिल्या वर्गात भिजवलेल्या १४ आणि कोरड्या १०, दुसऱ्यात १३ आणि ९, तिसऱ्यात १५ आणि १२, चौथ्यात १४ आणि ११.

पहिल्या वर्गाचे शिक्षक सावध असतील तर म्हणतील, १४ आणि १० एवढा फरक नुसत्या योगायोगानेही साधारण पाचात एकदा पडू शकतो, तेव्हा सिद्ध काही झाले नाही. बाकीचे तिघेही हेच म्हणतील. मग मते मोजणारा सारांशकार लिहील: ‘चार प्रयोग झाले, चारही निष्फळ.’ आता बेरीज करा. भिजवलेल्या ८०पैकी ५६ उगवल्या, कोरड्या ८०पैकी ४२. म्हणजे शेकडा ७० आणि शेकडा ५२.५. एवढा फरक योगायोगाने पडण्याची शक्यता शंभरात दोन-तीनदा इतकी कमी आहे. चार ‘निष्फळ’ प्रयोगांनी मिळून बरेच काही सांगितले. (इथे सर्व वर्गांत बियांची संख्या सारखी असल्याने सरळ बेरीज चालली. एरवी प्रत्येक वर्गातील तुलना आधी त्या वर्गापुरती करून मग ती वजन देऊन एकत्र करतात.)

गोष्ट इथे संपत नाही. पाचव्या शाळेनेही हाच प्रयोग केला होता. तिथे भिजवलेल्या ११ आणि कोरड्या १२ उगवल्या. ‘काहीच निघाले नाही, काय कळवायचे?’ म्हणून त्या शिक्षकांनी वही कपाटात ठेवली. ती वही मिळवली तर बेरीज १००पैकी ६७ आणि १००पैकी ५४ होते, आणि योगायोगाची शक्यता शंभरात सहावर जाते. मघाचा ठाम निष्कर्ष आता डळमळला. आढावा घेणाऱ्याला गणित यावे लागतेच. पण पाचवी शाळा आहे का, असली तर तिची वही कुठे आहे, हा प्रश्न पडणे आणि वही मिळेपर्यंत पत्रे लिहीत राहणे हा त्याच्या कामाचा अधिक मोठा भाग आहे.

या कामाची रीत आता बरीच ठरून गेली आहे. आधी प्रश्न नेमका लिहायचा आणि कोणते अभ्यास घ्यायचे, कोणते वगळायचे याचे नियम शोध सुरू करण्यापूर्वीच जाहीर करायचे. मग अनेक सूचींतून शोध घ्यायचा. हाती येणाऱ्या हजारो नोंदी दोघांनी एकमेकांना न विचारता चाळायच्या आणि मतभेद झाला तर तिसऱ्याकडे जायचे. निवडलेल्या प्रत्येक अभ्यासात पक्षपात कुठे शिरला असेल ते तपासायचे. शेवटी, शक्य असेल तरच, आकडे एकत्र करायचे. नियम आधी जाहीर करण्यात मोठे शहाणपण आहे, कारण आवडता निष्कर्ष निघेल असे अभ्यास नंतर निवडायला मग जागा राहत नाही.

नागपूर-बेळगावचा धडा

आता आमची तक्रार. पुस्तक आढाव्याची महती सांगते, पण कधी कधी असे वाटते, की एका बाजूने शोधनिबंध टाकले आणि दुसऱ्या बाजूने सत्य बाहेर पडले, इतके ते काम यांत्रिक आहे. प्रत्यक्षात आढाव्याचे उत्तर, चाचण्या जिथे झाल्या त्या परिस्थितीला बांधलेले असते. ते दुसरीकडे लागू होते की नाही हे ठरवायला जाणकार माणूस लागतो.

स्टेरॉइडचेच उदाहरण पुढे नेऊ. ते पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीनंतरचे असल्याने लेखकांना दोष देता येणार नाही, पण आपल्या शिक्षकांना ते ठाऊक असायला हवे. जुन्या चाचण्या मुख्यतः सधन देशांतील सुसज्ज रुग्णालयांत झाल्या होत्या. मग हा उपचार गरीब भागांत, खेड्यापाड्यांतील आरोग्य केंद्रांपर्यंत नेला तर? सहा देशांत मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१५ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. तिच्या केंद्रांत भारतातील दोन होती: नागपूर आणि बेळगाव. सुमारे एक लाख स्त्रिया तिच्यात होत्या. ज्या लहान बाळांसाठी उपचार होता त्यांच्या मृत्यूत लक्षणीय घट दिसली नाही. उलट सर्व बाळे मिळून पाहिली तर जिवंत जन्मलेल्या दर हजारांमागे नवजात मृत्यू २७.४ झाले. जिथे नेहमीचीच व्यवस्था चालू होती तिथे ते २३.९ होते.

असे का व्हावे? गर्भ नेमका किती आठवड्यांचा आहे हे सोनोग्राफीविना खात्रीने सांगता येत नाही, त्यामुळे ज्यांची प्रसूती पूर्ण दिवसांनी झाली अशा बऱ्याच स्त्रियांनाही इंजेक्शन मिळाले. आईला जंतुसंसर्ग झाल्याच्या शंकाही वाढल्या. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जन्मानंतर जी शुश्रूषा लागते तीही सर्वत्र नव्हती. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत पुन्हा चाचणी घेतली, पण या वेळी २९ रुग्णालयांत, दिवस नीट मोजून आणि बाळाच्या शुश्रूषेची सोय पाहून. २०२० साली निष्कर्ष आले: नवजात मृत्यू शेकडा २३.५वरून १९.६वर आले. औषध तेच होते. पहिला आढावा खोटा नव्हता आणि नागपूर-बेळगावची चाचणीही खोटी नव्हती. प्रश्नात ‘कुठे आणि कोणत्या सोयी असताना’ हे शब्द घालायचे राहिले होते. ते शब्द घालणे हे वाचणाऱ्याचे काम, आणि आपल्या देशातील वाचणाऱ्याला ते अधिक चांगले जमेल.

काम करणारी माणसे

पुस्तकाची दुसरी उणीव अशी, की हे सगळे करणारी माणसे त्यात फारशी दिसत नाहीत. पुस्तक रुग्णांसाठी आहे, करिअर मार्गदर्शनासाठी नव्हे, हे मान्य. तरी त्या बारावीच्या मुलीने ते वाचले तर हे काम कोण करते, कुठे करते, त्यासाठी काय शिकावे लागते, याचा पत्ता तिला लागणार नाही. म्हणून थोडी भर आम्हीच घालतो.

पहिला येतो ग्रंथपाल, किंवा आजच्या भाषेत माहितीतज्ज्ञ. २००१ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यावरील एका प्रयोगात हेक्झामेथोनियम हे रसायन हुंगायला दिल्यावर २४ वर्षांची एक निरोगी स्वयंसेविका दगावली. प्रयोगापूर्वी संशोधकाने वाचन केले होते. पण त्याने पाहिलेली संगणकीय सूची तेव्हा १९६६पासूनचीच होती, आणि या रसायनाने फुप्फुसाला इजा होते हे सांगणारे निबंध १९५०च्या दशकातले होते. जुनी छापील सूची कुठे असते आणि ती कशी पाहायची हे जाणणारा माणूस त्या वेळी शेजारी असायला हवा होता. आपल्याकडे १९५२ साली दिल्लीत इन्सडॉक ही संस्था याच गरजेतून निघाली आणि १९६५पासून तिने भारतीय शोधनिबंधांचे सारांश छापायला सुरुवात केली. विज्ञानाची पदवी आणि ग्रंथालयशास्त्र, ही जोडी या कामाला उत्तम.

दुसरे क्षेत्र औषध-सुरक्षेचे. बाजारात आलेल्या औषधाचे दुष्परिणाम कुणी कुठे नोंदवले आहेत का, हे कंपन्यांना सतत पाहावे लागते. युरोपच्या नियमांप्रमाणे तर आठवड्यातून किमान एकदा. मुंबई-पुण्याकडच्या औषध कंपन्यांत आणि त्यांना सेवा पुरवणाऱ्या संस्थांत बी.फार्म., बी.एस्सी. झालेली अनेक मुले-मुली हे काम करतात.

तिसरे क्षेत्र पेटंटचे. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरून आणण्याचे पेटंट मिळाले. मूळचे गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सी.एस.आय.आर.चे महासंचालक होते. आपल्याकडे हे आजीलाही माहीत आहे, एवढे म्हणून पेटंट रद्द होत नाही. छापील पुरावा लागतो. सी.एस.आय.आर.ने ३२ संदर्भ गोळा केले. त्यांत संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथ होते आणि १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील निबंधही होता. १९९७ साली पेटंट रद्द झाले. ‘हळदीघाटीची लढाई’ म्हणून गाजलेली ही लढाई ग्रंथालयात लढली गेली. पेटंट कार्यालयांतील परीक्षक आणि कंपन्यांतील पेटंट विश्लेषक रोज याच प्रकारचा शोध घेत असतात. संस्कृत, मोडी, उर्दू जाणणाऱ्या विज्ञान पदवीधराला इथे जी किंमत आहे ती इतरत्र नसेल.

चौथे क्षेत्र सरकारी धोरणाचे. सरकारने कोणती तपासणी, कोणते उपकरण, कोणता उपचार सार्वजनिक पैशाने द्यावा हे ठरवण्यासाठी भारताच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ साली मूल्यमापनाची व्यवस्था उभी केली. अशा कामात आढावा घेणारे, संख्याशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ एकत्र बसतात. आणि आरोग्याबाहेरही हे काम आहे. हवामान बदलावरील आंतरराष्ट्रीय मंडळ स्वतः संशोधन करत नाही, झालेल्याचा आढावा घेते. त्याच्या २०२१ सालच्या अहवालात २३४ लेखकांनी १४,०००हून अधिक संदर्भ पारखले.

व्यवसायातील दोष

केवळ कौतुक केले तर आम्हीही एकाच बाजूचा आढावा घेतला असे होईल. हे काम कष्टाचे आणि पुष्कळदा कंटाळवाणे असते. हजार सारांश चाळून नऊशे नव्वद बाजूला ठेवताना डोळे शिणतात, आणि नेमका तेव्हाच महत्त्वाचा एक निसटतो. अहवालावर नाव पुष्कळदा वरिष्ठांचे असते. ज्या कंपनीचे औषध तिनेच आढाव्याला पैसे दिलेले असतील, तर निष्कर्ष कोणत्या बाजूला झुकावा याची अपेक्षा न बोलताही कळते.

याशिवाय आता आढाव्यांचेच पीक आले आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन इयोनिडिस यांनी २०१६ साली लिहिले, की प्रसिद्ध होणाऱ्या आढाव्यांपैकी जेमतेम शेकडा तीन नीट केलेले आणि रुग्णांच्या उपयोगाचे असावेत. हा त्यांचा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. पण एकाच प्रश्नावर डझनभर आढावे निघतात आणि प्रयोगशाळा न लागता निबंध छापून येतो म्हणून ते लिहिले जातात, हे आम्हीही पाहतो.

मग वाचक विचारतील, आता संगणकच सारांश काढतो, तर माणूस कशाला? नोंदी चाळण्याच्या कामी त्याची मदत होते हे खरे, आणि ती घ्यावी. पण हीच यंत्रे अस्तित्वात नसलेल्या शोधनिबंधांची नावे खऱ्यासारखी रचून देतात, हेही सर्वांनी पाहिले आहे. शिवाय, कपाटातली पाचवी वही यंत्राच्या वाचनात येत नाही. ती आहे असा संशय माणसाला यावा लागतो, आणि निष्कर्षाखाली सही करून चुकीची जबाबदारीही माणसालाच घ्यावी लागते.

शाळेत काय करता येईल

आमच्या मते या व्यवसायाची पहिली पायरी शाळेत चुकते. प्रकल्प म्हणजे चार ठिकाणचा मजकूर उतरवणे आणि शेवटी ‘संदर्भ: इंटरनेट’ असे लिहिणे, अशी मुलांची समजूत आपणच होऊ देतो. त्याऐवजी वर्षातून एकदा, एका वर्गापुरता, असा प्रकल्प देऊन पाहावा. प्रश्न लहान घ्यावा: आपल्या गावच्या पावसाची सरासरी किती? मुलांनी किमान पाच ठिकाणचे आकडे मिळवावेत आणि प्रत्येकापुढे लिहावे, की हे कोणी मोजले, कोणत्या वर्षी, कसे, आणि हा आकडा दुसऱ्या कोणाचा उतरवलेला आहे की मूळचा? दोन गटांनी स्वतंत्रपणे हे करावे आणि मग आकडे का जुळत नाहीत यावर वाद घालावा. गुण आकड्याला नव्हे, त्या वादाला द्यावेत.

हा मुलांचा खेळ नव्हे. कोव्हिडच्या काळात आयव्हरमेक्टिन या औषधाने मृत्यू खूप घटतात असे सांगणारा इजिप्तमधील एक अभ्यास नोव्हेंबर २०२० मध्ये संगणकावर प्रसिद्ध झाला आणि अनेक आढाव्यांत घेतला गेला. लंडनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याला अभ्यासक्रमातील गृहपाठ म्हणून तो वाचायला मिळाला. त्याला प्रस्तावनेतील वाक्ये दुसरीकडून उचलल्यासारखी वाटली. मग त्याने मूळ आकडे पाहिले, तर काही रुग्णांच्या मृत्यूची तारीख अभ्यास सुरू होण्याच्या आधीची होती. जुलै २०२१ मध्ये तो अभ्यास मागे घेण्यात आला. मोठमोठ्या आढावाकारांनी आकडे बेरजेत घेतले होते. ते मूळ तक्त्यात जाऊन वाचले एका विद्यार्थ्याने.

‘टेस्टिंग ट्रीटमेंट्स’ प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असावे. त्याची इलेक्ट्रॉनिक प्रत लेखकांनी सर्वांसाठी विनामूल्य खुली केली, त्यामुळे पैशाची अडचण सांगता येणार नाही. उदाहरणे बहुतेक पाश्चात्त्य आहेत, तेव्हा शिक्षकांनी शेजारी नागपूर-बेळगावची गोष्ट जरूर सांगावी.

आणि त्या शिबिरातील बाई हा अंक वाचत असतील तर त्यांना सांगणे आहे, की आमचे त्या दिवशीचे उत्तर अपुरे होते. दोन पुस्तकांतले दोन आकडे पाहून अस्वस्थ होणाऱ्या मुलीला संख्याशास्त्र चांगले शिकू द्या, एखादी जास्तीची भाषा शिकू द्या, आणि हात कापतो म्हणून विज्ञान सोडू देऊ नका. तिच्या ‘यातला खरा कोणता?’ या प्रश्नाला वर्गात वेळ द्या, तो पोर्शनमध्ये नसला तरी.